पदवीआधीचे सभासदत्व



पीएच.डी.चा प्रबंध किती जण वाचतात, या साध्या प्रश्नापासून आजच्या विषयाकडे जाऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्रबंधाचे मूल्यमापन मार्गदर्शक आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक करतात. चार-पाच वर्षे खपून लिहिलेल्या पानांना हमखास मिळणारे वाचक एवढेच. त्याआधी ठरावीक मुदतीने सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची असते. पण त्या समितीत मार्गदर्शक असतातच, आणि बाकीचेही बहुतेक वेळा विभागाच्या व्हरांड्यात रोज भेटणारे. एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा प्रवास याहून लहान. प्रकल्पाच्या प्रती बांधून घ्यायच्या, तोंडी परीक्षा द्यायची, की त्या प्रती कपाटात जातात. विद्यार्थ्याला आपल्या विषयातला जाणकार बनवणे हा ज्या शिक्षणाचा हेतू, ते शिक्षण संपत आले तरी त्या विषयातल्या इतर जाणकारांशी त्याची गाठ पडलेली नसते. त्याने लिहिलेले सगळे आजवर गुण देणाऱ्यांनीच वाचलेले असते. केवळ उत्सुकतेपोटी वाचणारा, पटले नाही तर वाद घालणारा आणि ज्याच्या हातात आपली पदवी नाही असा वाचक त्याला भेटलेलाच नसतो.

हा वाचक विभागाला देता येत नाही, कारण विभागाचे कामच मुळी शिकवणे आणि तपासणे. तो मिळतो विषयाच्या व्यावसायिक संघटनेत. म्हणून माझे म्हणणे असे, की अशा संघटनेचे सभासदत्व ही पदवी मिळाल्यावर घ्यायची, अंगावर मिरवायची गोष्ट नाही. ते पदवीच्या आधी, विद्यार्थिदशेतच घ्यायला हवे, आणि तसे घेतल्याने पदव्युत्तर शिक्षणाचा पोतच बदलतो. महाराष्ट्रात ‘विद्यार्थी संघटना’ म्हटले की निवडणुका, मोर्चे, मागण्या आठवतात. त्यांची गरज मी नाकारत नाही, पण आज मी त्यांच्याविषयी बोलत नाही. मराठी अर्थशास्त्र परिषद, मराठी विज्ञान परिषद, गणित्यांची संस्था, ग्रंथपालांचा संघ, अभियंत्यांच्या मोठ्या संघटनेची महाविद्यालयातली विद्यार्थी शाखा, अशा मंडळींबद्दल मी बोलतो आहे. तिथे माणसे एका विषयाच्या किंवा पेशाच्या नात्याने जमतात, वर्गणी भरतात, अधिवेशन भरवतात, नियतकालिक चालवतात.

या म्हणण्याला इतिहासात भक्कम पुरावा आहे, आणि तो मी बर्लिनपासून सुरू करतो. १८४० च्या दशकात गुस्ताव मॅग्नस हे तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांची प्रयोगशाळा त्यांच्या राहत्या घरातच होती, आणि तिथे विद्यार्थी व तरुण संशोधक एकत्र जमून नव्या निबंधांवर चर्चा करत. १४ जानेवारी १८४५ रोजी या वर्तुळातल्या सहा तरुणांनी स्वतःची भौतिकशास्त्र सभा स्थापन केली. एमिल द्यु बॉय-रेमों आणि एर्न्स्ट ब्रुके हे शरीरक्रियाशास्त्राकडचे, हाइन्ट्झ रसायनशास्त्राकडचे, कार्स्टेन, क्नोब्लाउख आणि बेट्झ भौतिकशास्त्राकडचे. सगळे तिशीच्या आतले. गुरूच्या घरची बैठक चांगली चालली असताना यांना वेगळी सभा का हवी होती? गुरूची बैठक कितीही मोकळी असली तरी तिथे शेवटचा शब्द गुरूचा असतो. सभेत तो कोणाचाच नसतो. विषय निवडायचे, वक्ते ठरवायचे, कोणाचे काम छापण्याजोगे ते सांगायचे, ही सगळी जबाबदारी या तरुणांनी स्वतःच्या अंगावर घेतली.

त्यांनी हाती घेतलेले पहिले मोठे काम बघण्यासारखे आहे. एका वर्षात जगभर भौतिकशास्त्रात जे जे छापून आले त्याचा आढावा घ्यायचा, आणि त्याचे पुस्तक काढायचे. कामाची वाटणी झाली: प्रकाश एकाकडे, उष्णता दुसऱ्याकडे, वीज तिसऱ्याकडे. १८४५ सालचा आढावा कार्स्टेनच्या संपादनाखाली १८४७ मध्ये निघाला. आपल्याकडे प्रत्येक संशोधक विद्यार्थी प्रबंधाचे दुसरे प्रकरण म्हणून ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ लिहितो, आणि बहुतेकांना तो निव्वळ उपचार वाटतो, कारण तो वाचून कोणाचे काही अडलेले सुटणार नसते. बर्लिनच्या तरुणांचा आढावा इतरांना लागणार होता. चूक राहिली तर ती दुसऱ्याच्या कामात उतरणार होती. वाचण्याची शिस्त अशा जबाबदारीतून येते. आता पुढचा दुवा पाहा. या आढाव्यात प्राण्यांच्या शरीरातल्या उष्णतेवरचा भाग लिहिण्याचे काम हेर्मान हेल्महोल्ट्झ या तरुणाकडे आले. तो तेव्हा पॉट्सडॅमला लष्करी डॉक्टर होता. शरीरातली ऊब कुठून येते, अन्नातून येते म्हणजे नेमकी कशी, यावर इतरांनी काय लिहिले ते त्याने काढून वाचले, तपासले, मांडले. आणि २३ जुलै १८४७ रोजी त्याच सभेपुढे त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा आपला निबंध वाचला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित भौतिकशास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकांनी हा निबंध घेतला नाही; त्यांना त्यात प्रयोगापेक्षा तर्क जास्त वाटला. मॅग्नस यांनीही फारसा उत्साह दाखवला नाही. सभेतल्या तरुणांनी मात्र त्याचे मोल ओळखले, आणि निबंध स्वतंत्र पुस्तिका म्हणून निघाला. आज शाळेच्या पुस्तकात असलेला नियम आधी बरोबरीच्यांच्या सभेत ऐकला गेला, एवढेच यातून घेतले तर ते अपुरे होईल. तो निबंध लिहिण्याइतकी तयारी ज्या कामातून झाली, त्यातले एक मोठे काम त्याला सभेनेच नेमून दिले होते. मला हे अधिक महत्त्वाचे वाटते.

याच दशकात, १८४८ च्या जूनमध्ये, मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. मुंबई विद्यापीठ निघायला अजून नऊ वर्षे होती, आणि पहिले पदवीधर बाहेर पडायला चौदा. म्हणजे आपल्याकडे विद्यार्थ्यांची सभा आधी आली आणि विद्यापीठ नंतर. प्राध्यापक पॅटन यांचा तिला आधार होता, आणि शिक्षण संपवून तिथेच शिकवू लागलेले दादाभाई नौरोजी तिच्या चालकांत होते. निबंध वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची, हे तिचे मूळ काम. पण वर्ष उलटायच्या आत तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे दादोबा पांडुरंगांच्या अध्यक्षतेखालची उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि तिचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये सुरू झाले. १८४९ मध्ये या सोसायटीच्या मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि सुरुवातीला स्वतःची कामे सांभाळून, वेतन न घेता तिथे शिकवले. ही हकिगत आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो, आणि तिथे ती शोभतेच. पण ती शिक्षणाच्या इतिहासातही वाचली पाहिजे. वर्गात इंग्रजीतून घेतलेले ज्ञान मराठीत मांडायचे तर शब्द घडवावे लागतात, उदाहरणे शोधावी लागतात, आपल्याला नेमके किती कळले आहे ते उघडे पडते. कोणत्याही परीक्षेने त्या तरुणांकडून हे करून घेतले नसते. सभेने करून घेतले, कारण सभेपुढे ऐकणारी माणसे होती आणि मासिकाला वाचणारी.

तिसरा पुरावा पुण्याशी जोडलेला आहे. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या मद्रास इलाख्यातल्या डेप्युटी कलेक्टरांनी गणिताची आवड असलेल्या मोजक्या लोकांना एकत्र करून ‘ॲनालिटिक क्लब’ काढला. त्याचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. गावोगावच्या महाविद्यालयांत गणिताचे एखाददुसरे शिक्षक, आणि परदेशी नियतकालिके त्यांच्या हाती लागणे मुश्कील. उपाय असा ठरला, की सर्वांनी वर्गणी काढायची, पुस्तके आणि नियतकालिके एका ठिकाणी मागवायची आणि टपालाने सभासदांमध्ये फिरवायची. ते ठिकाण म्हणजे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. रँग्लर परांजपे तेव्हा तिथे प्राचार्य होते. कल्पना करा, लंडनहून आलेला अंक पुण्यात उतरतो, वेष्टनात बांधला जातो, टपालाने एखाद्या जिल्ह्याच्या गावी जातो, तिथला शिक्षक तो उतरवून घेतो आणि पुढच्याला रवाना करतो. ज्या माणसाला आपल्या गावात बोलायला दुसरा गणिती नव्हता, त्याच्या टेबलावर आता त्याच्या विषयाचे जग येऊन पडू लागले.

१९०९ पासून या संस्थेचे नियतकालिक निघू लागले, आणि १९११ मध्ये त्यात रामानुजन यांचे प्रश्न आणि बर्नुली संख्यांवरचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. एफ.ए.च्या परीक्षेत नापास झालेला हा तरुण १९१० मध्ये रामस्वामी अय्यरांकडे महसूल खात्यात कारकुनी मागायला गेला होता. त्यांनी वह्या पाहिल्या, आणि त्याला त्या नोकरीत अडकवण्याऐवजी मद्रासच्या गणितप्रेमींकडे पाठवले. ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्यामागची कमी प्रसिद्ध गोष्ट संपादकाची. रामानुजन यांची मांडणी इतकी त्रोटक होती, की नेहमीच्या वाचकाला ती उलगडत नसे. म्हणून संपादक नारायण अय्यंगारांनी तो पहिला निबंध छापण्याजोगा होईपर्यंत एकाहून अधिक वेळा परत पाठवला. प्रतिभा रामानुजन यांची स्वतःची, ती कोणी दिली नाही. पण दुसऱ्याला समजेल असे लिहिणे हे शिकावे लागते, आणि ते त्यांना महाविद्यालयाने शिकवले नव्हते. ते शिक्षण वर्गणीवर चालणाऱ्या एका छोट्या मंडळाने दिले. पुढे १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली आणि दर तीन महिन्यांनी अहवाल द्यायला सांगितले. विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी ते त्या वर्षी झाले; नियतकालिकाचे लेखक ते त्याआधी दोन वर्षे होते. क्रम लक्षात घ्या.

अशा ठिकाणी नेमके काय घडते, हे सांगायला जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांचे १९९१ चे पुस्तक उपयोगी पडते. लेव्ह यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंप्यांच्या दुकानांत उमेदवार कसे शिकतात ते पाहिले होते. तिथे नवा मुलगा कापड बेतण्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी काज-बटण करतो, कडा तुरपतो. मग शिवणीवर बसतो. कात्री सर्वांत शेवटी हातात येते. शिकण्याचा क्रम शिवण्याच्या क्रमाच्या उलटा. फायदा असा, की पहिल्या दिवसापासून त्याच्या मांडीवर पुरा झालेला कपडा असतो, आणि चूक झाली तरी कापड वाया जात नाही. तो नवशिका असतो, पण दुकानाबाहेरचा नसतो. आपल्या पदव्युत्तर शिक्षणात आपण नेमके उलटे करतो. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याच्या हातात कात्री देतो, ‘मूळचे योगदान असलेला’ विषय बेतायला सांगतो, आणि तयार कपडा त्याने कधी जवळून पाहिलेलाच नसतो.

संघटनेत या विद्येचे काज-बटण असते. अधिवेशनासाठी आलेले शंभर गोषवारे विषयवार लावणे हे अगदी साधे काम. पण ते करताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळते की यंदा त्याच्या विषयातले लोक कशावर काम करत आहेत, अडीचशे शब्दांत प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष बसवणारा गोषवारा कसा दिसतो, आणि केवळ भारदस्त शब्दांनी भरलेला कसा. सत्राचे टिपण लिहायला बसलेल्याला एका तासाच्या वादातला मुद्दा दोन ओळींत धरावा लागतो. बाहेरगावच्या वक्त्याला बोलावणारे पत्र लिहिताना त्यांचे काय वाचले आणि त्यांनाच का बोलावतो, हे सांगावे लागते. आणि पोस्टरच्या सत्राचे काय सांगावे! भिंतीला चिकटपट्टीने लावलेल्या त्या मोठ्या कागदाजवळ विद्यार्थी उभा असतो, समोरून अनोळखी माणसे जात असतात. एक थांबते, आलेखावर बोट ठेवते आणि विचारते, “हा नमुना तुम्ही फक्त बाजारच्या दिवशीच घेतलात का?” त्या प्रश्नावर गुण नाहीत, त्याची नोंद कुठल्याही प्रगती अहवालात होणार नाही. पण विद्यार्थी संध्याकाळी वही उघडून आपली सारणी पुन्हा पाहतो, कारण प्रश्न बरोबर होता आणि तो विभागात कोणीच विचारला नव्हता. विभागात सगळ्यांना त्याचे काम इतके पाठ झालेले असते, की त्यातली भोके दिसेनाशी होतात.

दुसरी बाजू एकटेपणाची आहे, आणि तिच्याकडे आपण पुरेशा गंभीरपणे पाहत नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३२ टक्के विद्यार्थ्यांना मानसिक विकाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका असल्याचे दिसले. अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या पाहणीत दहा वर्षांत पीएच.डी. पुरी करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के भरले. तिथल्याच बार्बरा लोव्हिट्स यांनी अर्धवट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून २००१ मध्ये दाखवले, की त्यांची आधीची गुणवत्ता टिकलेल्यांपेक्षा कमी नव्हती. फरक पडला तो विभागात आणि विषयाच्या समूहात आपण सामावलो की नाही, याने. सोडणारा बहुधा कोणाला काही न सांगता निघून जातो आणि दोष स्वतःला देतो. यातला कोणताही अभ्यास संघटनेच्या सभासदत्वाचा नाही, हे मी आवर्जून सांगतो. पण ज्या दुखण्याचे निदान ‘समूहात जागा नसणे’ असे आहे, त्यावर समूहात जागा मिळवून देणारी व्यवस्था औषध ठरू शकते, असे म्हणायला तर्क आणि अनुभव दोन्ही पुरेसे आहेत. आपलाच प्रयोग चार महिने फसतो आहे असे समजणाऱ्या मुलीला दुसऱ्या विद्यापीठातल्या तिघींचा तोच प्रयोग तसाच फसतो आहे हे कळले, की दोष तिचा उरत नाही. तो अभिकर्मकाचा, उपकरणाचा, पद्धतीचा होतो आणि त्यावर इलाज शोधता येतो.

नोकरीबद्दल थोडक्यात. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, की ज्या ओळखीतून नोकरी मिळाली त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता. वरचेवर भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचितच भेटणारे २७.८. जवळच्यांना आपल्याला ठाऊक तेच ठाऊक असते. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. संघटना अशा लांबच्या ओळखींचे घर असते. पण केवळ या हिशेबाने कोणी सभासद होऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण मग तो काज-बटण करत नाही, नुसता दुकानात चकरा मारतो.

आता आक्षेप. सर्वांत बिनतोड आक्षेप पुराव्यावरचा आहे. संघटनेत जाणारे विद्यार्थी मुळातच हुशार आणि धडपडे असतात. ते पुढे गेले याचे श्रेय संघटनेला कसे? आणि हेल्महोल्ट्झ, दादाभाई, रामानुजन ही तर निवडून आणलेली नावे; ज्या शेकडो सभा दोन वर्षांत बंद पडल्या त्यांचे काय? हा आक्षेप मला मान्य आहे. यशस्वी माणसे मोजून संघटनेचे यश सिद्ध होत नाही. म्हणूनच मी माणसांच्या मोठेपणावर भर दिला नाही. त्यांच्याकडून कोणते काम करून घेतले गेले, यावर दिला. आढावा लिहून घेणे, निबंध परत पाठवणे, अंक फिरवणे, दुसऱ्या भाषेत मांडायला लावणे: ही कामे धडपड्या विद्यार्थ्याला जशी घडवतात तशीच साध्यालाही. उलट धडपड्याला दुसऱ्या वाटाही सापडतात. संघटनेची खरी गरज मागच्या बाकावरच्याला आहे.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे हे सगळे आधीच झाले आणि त्याचे प्रमाणपत्र झाले. हे दुःखद आहे आणि खरे आहे. अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणे आणि एक निबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक केले होते. हेतू चांगला होता. पण झाले काय, तर नोंदणी शुल्क भरून एका दिवसात शे-दीडशे निबंध ‘वाचले’ जाणाऱ्या परिषदा उगवल्या आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिकेही. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली. यातून काहींनी निष्कर्ष काढला की विद्यार्थ्यांनी परिषदांच्या नादी लागूच नये. मला निष्कर्ष वेगळा दिसतो. सक्तीने हजेरी लावता येते, सभासदत्व लादता येत नाही. एका दिवसाच्या परिषदेत निबंध वाचणारा दुपारच्या जेवणानंतर प्रमाणपत्र घेऊन निघतो; पुढच्या वर्षी त्याला कोणी ओळखत नाही आणि तोही कोणाला नाही. सभासद पुढच्या वर्षी परत येतो. गेल्या वर्षी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला द्यावे लागते, गेल्या वर्षी केलेली चूक लोकांच्या लक्षात असते. विद्वत्तेतला प्रामाणिकपणा अशा पुन्हा पुन्हा भेटण्यातून टिकतो. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांना आपल्याकडच्या इतिहासलेखनात जे स्थान मिळाले, ते त्या पाक्षिक होत्या म्हणून. पंधरवड्यामागून पंधरवडा त्याच सभेपुढे उभे राहायचे असेल, तर कागद नीट वाचूनच यावे लागते.

वेळेचा आक्षेप नेहमीचा, आणि तो बहुधा मार्गदर्शकांकडून येतो. प्रयोगशाळा सोडून मुले पत्रके वाटत हिंडतात, असे ते म्हणतात. काही संघटनांत तसे होते, आणि जिथे विद्यार्थी शाखेचे काम म्हणजे फक्त पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ आणणे आणि सतरंज्या घालणे एवढेच असेल, तिथून विद्यार्थ्याने खुशाल बाहेर पडावे. पण या आक्षेपाच्या पोटात दुसरी एक गोष्ट असते, ती सांगितली पाहिजे. मार्गदर्शकाच्या हातात विद्यार्थ्याचा विषय, त्याच्या पाठ्यवृत्तीच्या कागदावरची सही, प्रबंधाची वेळ आणि पुढचे शिफारसपत्र असते. एका माणसाच्या हाती इतके असणे त्या दोघांसाठीही बरे नाही. चांगल्या मार्गदर्शकाला हे समजते आणि तो स्वतःहून विद्यार्थ्याला बाहेर पाठवतो, कारण बाहेरच्यांनी घासून पाहिलेला विद्यार्थी त्याचेही काम हलके करतो. जो पाठवत नाही, त्याच्या विद्यार्थ्याला संघटनेची गरज सर्वांत जास्त असते.

मला सर्वांत जड वाटणारा आक्षेप बंद वर्तुळाचा आहे. १८४८ च्या मुंबईतल्या त्या सोसायटीत कोण होते? पुरुष, आणि बहुतेक शिक्षण परवडणाऱ्या घरांतले. आजही अधिवेशनाला जायला भाडे लागते, राहायला पैसे लागतात, बोलायला इंग्रजी लागते, आणि कोणाशी कसे बोलावे हे घरातून ठाऊक असलेल्यांना ते सोपे जाते. मग संघटना म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांनाच आणखी देणारी सोय नाही का? हा धोका खरा आहे. पण पर्याय काय आहे तेही पाहू. संघटना नसली म्हणून ओळखी, शिफारशी, खाजगी बैठका थांबत नाहीत. त्या चालूच असतात, फक्त त्यांचे दार कुठे आहे हे बाहेरच्याला कळत नाही. संघटनेला घटना असते, वर्गणीचा आकडा छापलेला असतो, गोषवारा पाठवायची तारीख जाहीर असते, आणि लेखकाचे नाव झाकून तो तपासण्याची रीत पाडता येते. नियम असले की ते मोडल्याबद्दल जाब विचारता येतो. अनौपचारिक मेहेरबानीला जाब विचारता येत नाही. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी असलेले भीमराव आंबेडकर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचायला उभे राहिले. तो पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. ते चर्चासत्र म्हणजे संघटना नव्हे, हे खरे. पण परक्या विषयाच्या जाणकारांपुढे, पंचविशीतल्या विद्यार्थ्याने, त्या विषयावर तोवर लिहिलेल्या नामवंतांची मते खोडून आपले मत मांडायची जागा तिथे होती. अशी जागा उघडी असणे कोणासाठी किती मोलाचे ठरते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण मला देता येणार नाही.

भाषेच्या बाबतीत महाराष्ट्राकडे एक आयती सोय आहे आणि तिचा पुरता उपयोग होत नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान, या विषयांच्या परिषदा मराठीतून चालतात, आणि अधिवेशने लहान गावांतही भरतात. ज्या मुलाने गडहिंग्लजला किंवा उमरग्याला पदवी घेतली, त्याला आपला मुद्दा आधी मराठीत, नीट, न अडखळता मांडता येतो आणि मग तोच इंग्रजीत न्यायला बळ येते. मुद्दा पक्का नसताना इंग्रजीच्या भीतीने पाठ केलेला निबंध वाचणे, ही शिक्षा आहे, शिक्षण नव्हे. या परिषदांतल्या ज्येष्ठांनाही विनंती आहे. विद्यार्थ्यांचे सत्र शेवटच्या दिवशी, निरोप समारंभाच्या आधी, रिकाम्या सभागृहात ठेवू नका. ते पहिल्या सकाळी ठेवा आणि स्वतः पुढच्या रांगेत बसा.

विभागांना करता येण्यासारखे फार काही अवघड नाही. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धतीचा जो भाग असतो, त्यात एका संघटनेचे वर्षभराचे काम, म्हणजे गोषवारे लावणे, आढावा लिहिणे, सत्राचे टिपण करणे, हे प्रत्यक्ष अभ्यास म्हणून धरता येईल. त्याला गुण न देता फक्त नोंद ठेवावी, नाहीतर त्याचेही प्रमाणपत्र होईल. आणि पैशाचा प्रश्न सोडवल्याशिवाय बाकी सगळे बोलणे पोकळ आहे. ज्याला कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये मिळतात, त्याला वर्गणी जड नाही. पण वर्गात अशी पाठ्यवृत्ती असलेले थोडे, नसलेले पुष्कळ. कोणी सकाळी शिकवणी घेऊन येतो, कोणी तासिका तत्त्वावर शिकवतो आणि सुट्टीत त्याचे मानधनही बंद असते. तेव्हा सभासद वर्गणी, रेल्वेचे तिकीट आणि दोन रात्री राहण्याचा खर्च, या तीन ओळी विभागाच्या अंदाजपत्रकात असाव्यात, आणि त्यांचा पहिला हक्क निबंध वाचणाऱ्याचा नसून पहिल्याच वर्षात, अजून काहीही वाचण्याजोगे नसताना, नुसते ऐकायला आणि टिपणे लिहायला जाणाऱ्याचा असावा.